कडक नियम, कच्चा पासवर्ड

लिनक्सवर पासवर्डचे नियम कडक करायचे म्हटलं की आपण सगळे एकच कृती करतो. पीडब्ल्यूक्वालिटीच्या कॉन्फिग फाइलमध्ये किमान लांबी 8 ठेवायची. मोठं अक्षर, लहान अक्षर, अंक आणि चिन्ह या चारही क्रेडिटपुढे उणे 1 लिहायचं, म्हणजे प्रत्येकातलं किमान एक हवंच. वर दर 90 दिवसांनी बदलाची सक्ती. आम्हीही वर्षानुवर्षं हेच केलं. तेव्हा आजची टीका आमच्यावरही आहे.

आता नालवाडीतच बसलोय, तर इथलाच पासवर्ड बनवू. कॅपिटल एन घेऊन रोमन लिपीत नालवाडी, मग ॲट द रेट, मग 123. लांबी 11, चारही प्रकार हजर. नियम खूश! पण हल्ला करणारा गावाचं नाव आधीच टाकून बघणार ना? शब्दकोशाची तपासणी होते, हे खरं. पण क्रॅकलिबची ती यादी मुख्यतः इंग्रजी शब्दांची. आपली गावं, आपले देव, आपल्या मुलांची नावं तिला कुठून ठाऊक? आणि 90 दिवसांनी काय होतं? 123 चं 124 होतं. माणूस आळशी आहे म्हणून नव्हे. आपण त्याला दुसरी वाटच ठेवली नाही म्हणून.

अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची 2003 ची मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनी 2017 मध्ये या सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याच वर्षी निस्टनं अशा मिश्रणाची आणि ठरावीक मुदतीनं बदलाची सक्ती नको, असं सांगितलं. पासवर्ड फुटल्याचा पुरावा मिळाला, तर मात्र बदलायलाच हवा.

मग करायचं काय? मिनलेन 15 करा, चारही क्रेडिट शून्य ठेवा. चार-पाच शब्दांचं, स्वतःला आठवेल असं वाक्य लोकांना लिहू द्या. बॅडवर्ड्सच्या ओळीत संस्थेचं नाव, वर्धा, सेवाग्राम, पवनार, नालवाडी असे शब्द रोमन लिपीत घाला. चुकीचे प्रयत्न थोपवायला फेललॉक लावा.

आता खरी दुखरी जागा. एन्फोर्स फॉर रूट हा पर्याय मुळात बंद असतो. रूटनं कच्चा पासवर्ड दिला, तर फक्त इशारा दिसतो. पासवर्ड चालून जातो. नवं खातं उघडताना पहिला पासवर्ड कोण देतं? आपणच, रूट म्हणून! म्हणजे नियम सगळ्यांना, सूट आपल्याला.

विनोबा 1932 मध्ये याच नालवाडीत राहायला आले आणि निव्वळ सूतकताईच्या कमाईवर जगता येतं का, हे त्यांनी स्वतः जगून पाहिलं. आपल्याला तर एक ओळ चालू करायचीय. आज घरी गेल्यावर आधी ती करा. बाकीचे नियम उद्या.