शहराजादचे ग्रंथप्रेम

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी (१८२४–१८७८) मराठीत आणलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मुलांच्या हाती देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आम्हांस मान्य नाही. हा ग्रंथप्रेमाचाच अद्भुत ग्रंथ होय. शहराजादने हजार ग्रंथ जमविले होते, असे अरबी पाठ सांगतो; तिचा शिरच्छेद रात्रीमागून रात्र लांबतो तो या वाचनाच्या बळावर, रूपाच्या नव्हे. वरोरच्या किनाऱ्यावरील वाचकास कोळ्याच्या जाळ्यात आलेला घडा आणि त्यातला जिन आधी आठवेल, ते साहजिकच आहे. परंतु तो कोळी जिनास जी गोष्ट ऐकवितो, तीही एका ग्रंथाचीच! यूनान राजाने आपला रोग बरा करणाऱ्या दूबान वैद्याचाच शिरच्छेद करविला आणि त्याने दिलेल्या ग्रंथाची चिकटलेली पाने, बोट जिभेला लावून, तो उलटू लागला. पाने कोरी होती, आणि विषारी. राजास वाचावयाचे नव्हतेच. तुटलेले मस्तक बोलते की काय, एवढेच पाहावयाचे होते. शहराजादने मात्र सारे वाचून कंठगत केलेले. म्हणून हा ग्रंथ घरात मोठ्याने वाचावा. पहाट होताच ती गोष्ट कोठे तोडते, हे कानांनाच अधिक कळते.