दासनवमी आणि ‘दासबोधा’चा तिसरा दशक : स्मरणतिथीविषयी काही विचार

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम होय. गावाचे नाव आज ‘जांब समर्थ’ असेच रूढ आहे. ठोसर घराण्यातील सूर्याजीपंत व राणूबाई ह्यांच्या पोटी नारायण हा पुत्र शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस (इ. स. १६०८) येथे जन्मला, आणि शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस सज्जनगडावर त्याने देह ठेवला. ह्या दुसऱ्या घटनेचे इसवी वर्ष कित्येक ग्रंथांत १६८१ असे दिलेले आढळते. परंतु माघ मास शकवर्षाच्या अखेरीस येत असल्यामुळे तेथे ७८ नव्हे तर ७९ मिळवावयास हवेत. म्हणून १६८२ हेच वर्ष ग्राह्य होय.

दोन्ही तिथी नवमीच्या आहेत. पण भाषेने त्यांना दिलेली वागणूक एकसारखी नाही. जन्माची नवमी ही मुळातच रामनवमी. भक्ताचा जन्मदिवस आराध्याच्या जन्मोत्सवात विलीन झाला, आणि त्याला स्वतंत्र नाव उरले नाही. देहावसानाची नवमी मात्र ‘दासनवमी’ झाली. ‘तुकाराम बीज’ आणि ‘एकनाथ षष्ठी’ हे सामासिक शब्द ह्याच घडणीचे आहेत. व्यक्तिनाम आणि तिथी ह्यांचा जेथे असा समास होतो, तेथे संतांच्या बाबतीत ती तिथी मृत्यूची असते. देवांच्या बाबतीत, रामनवमीप्रमाणे, ती जन्माची असते. व्यासपौर्णिमेसारखा अपवाद दाखविता येईल, पण तो पुराणपुरुषाचा आहे. ‘जयंती’ हा शब्दही आरंभी कृष्णजन्माच्या विशिष्ट योगाशी निगडित होता. नृसिंहजयंती, दत्तजयंती अशा अवतारदिनांवरून तो पुढे थोर पुरुषांपर्यंत येऊन पोहोचला.

मग ज्यांना ना समास लाभला ना जयंती, त्या घरातल्या सामान्य मृतांचे काय? येथे बोलभाषेचा पुरावा बोलका आहे. ‘उद्या आईची तिथी आहे’ असे वाक्य उच्चारले की कोणती तिथी, हे कोणी विचारीत नाही. कोणतेही विशेषण न लागता ‘तिथी’ ह्या शब्दाचा अर्थ घरगुती व्यवहारात मृत्युतिथी असा संकुचित झाला आहे. उलट ‘वाढदिवस’ हा शब्द वाढीशी बांधलेला असल्यामुळे तो मृतास लावताना जीभ अडखळते. ‘जन्मदिवस’ हा पर्याय आहे. पण तो कागदोपत्री वळणाचा आहे. म्हणून गेलेल्या मुलीचा जन्मदिवस आठवणारी माता सहसा नामाचा आश्रय घेत नाही, क्रियापदाचा घेते : ‘आज असती तर वीस वर्षांची झाली असती.’ मृत्युदिनाचे स्मरण मराठीत स्वार्थी क्रियापदाने होते, जन्मदिनाचे संकेतार्थी क्रियापदाने. पहिल्यात जे घडले ते सांगितले जाते. दुसऱ्यात जे घडावयाचे राहिले त्याचे वय मोजले जाते.

ह्या पार्श्वभूमीवर ‘दासबोधा’चा तिसरा दशक वाचला म्हणजे त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात. वीस दशकांच्या ह्या ग्रंथात हा एकच दशक जन्मदुःखापासून आरंभ करून नवव्या समासात मृत्युनिरूपणापर्यंत येतो. मधल्या समासांत एका माणसाचा संसार चितारला आहे. पण त्या माणसाला नाव नाही, गाव नाही, तिथी नाही. त्याची पत्नी मरण पावते. दुसरा विवाह होतो. आणि तो होताच मागील दुःख तो विसरला, असे समर्थ तिसऱ्या समासाच्या आरंभीच नोंदवितात. हा आघात वर्मी बसणारा आहे. शोकाच्या उत्कटतेविषयी कवीला शंका नाही. शंका आहे ती शोकाच्या आयुर्मर्यादेविषयी.

मृत्युनिरूपणाची शैली ह्याच दृष्टीला पोषक आहे. मृत्यू अमुक म्हणत नाही, तमुक म्हणत नाही, अशी एकाच नकाराची आवृत्ती होत जाते, आणि पुढे ‘गेले’ हे एकच क्रियापद ओवीमागून ओवी वाजत राहते. गेलेल्यांचे वर्ग सांगितले आहेत. व्यक्ती सांगितलेली नाही. शेवटी उरतो तो आत्मज्ञानी. संकेतार्थाला, म्हणजे ‘असता तर’ ह्या विलापाला, ह्या निरूपणात वाव नाही. वैराग्य हा हेतू असता तो असूही नये.

तथापि ह्या हेतूची किंमत कोण देते, हा प्रश्न टीकाकाराला टाळता येत नाही. ती किंमत त्या अनाम पत्नीने दिली आहे. तिचा मृत्यू हा पतीच्या कथेतील एक टप्पा ठरतो. पती विसरतो, आणि त्याच्या विसराळूपणावर बोट ठेवून कथनही पुढे निघून जाते. लोकाचाराने तिच्यासाठी एक दिवस राखला आहे खरा. भाद्रपद वद्य नवमी, अर्थात अविधवा नवमी, ही पतीच्या हयातीत निवर्तलेल्या स्त्रियांची तिथी. पण तेथेही दिवस सर्वसामान्य आहे, आणि नाव पतीच्या हयातीवरून पडलेले आहे. श्राद्धविधीत पिता, पितामह व प्रपितामह ह्यांचा नामगोत्राने उच्चार होतो. तीन पिढ्यांपलीकडे नाव गळते. विस्मरणाला विधीनेही असा क्रम लावून दिला आहे, आणि त्या तीन पिढ्यांपुरता विस्मरणाला अडसरही घातला आहे.

तेव्हा दासनवमी ही ‘दासबोधा’च्या शिकवणीशी विसंगत आहे, असा आक्षेप घेतला तर तो वरवरचा ठरेल. माणूस विसरतो, हे समर्थांनी दाखविले. माणूस विसरतो म्हणूनच समाजाने तिथी बांधली. मनाच्या श्लोकांपैकी आठव्या श्लोकात देहामागे उरणाऱ्या कीर्तीला समर्थांनी स्वतःच मान्यता दिलेली आहे. परंतु कीर्ती ही थोरांची सोय आहे. ज्यांच्या मागे कीर्ती नाही, केवळ माया करणारी माणसे आहेत, त्यांच्यासाठी भाषेजवळ एक अनुच्चारित विशेषणाची ‘तिथी’ आणि एक ‘असती तर’ एवढेच धन आहे. तिसऱ्या दशकाने ज्याला स्थान दिले नाही ते हे संकेतार्थी वाक्य मराठी घरांनी मात्र जपले आहे, आणि त्या दशकाचे मूल्यमापन करताना ह्या वाक्याची साक्ष काढल्यावाचून ते पूर्ण होणार नाही.