गुरूच्या उशाशी बसलेला शिष्य

॥ राम कृष्ण हरि ॥

रोज हरिपाठ झाला की माझी नात एका इंग्रजी पुस्तकाची चार पाने मला मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवी. 'ट्यूजडेज विथ मॉरी' हे त्याचे नाव. मिच अल्बम यांनी लिहिलेले, १९९७ साली निघालेले. वारकऱ्याने परदेशी पुस्तकावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण विषय गुरूच्या अंतकाळाचा आहे, म्हणून संतसज्जनांपुढे दोन शब्द ठेवतो.

मॉरी श्वार्ट्झ हे अमेरिकेत बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत. सत्तरी उलटल्यावर त्यांना असा रोग जडला की एकेक अवयव निकामी होत जातो, बुद्धी मात्र जागी राहते. मिच हा त्यांचा जुना विद्यार्थी. भेटत राहीन असे सांगून गेला आणि सोळा वर्षे फिरकला नाही. एके रात्री दूरचित्रवाणीवर गुरुजी दिसले, तेव्हा कुठे जाग आली. मग दर मंगळवारी विमानाने येऊन उशाशी बसू लागला. असे चौदा मंगळवार झाले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी गुरुजी गेले.

पुस्तकाचे बळ त्यातल्या उपदेशात कमी, प्रसंगांत अधिक आहे. मॉरी आठ वर्षांचे असताना आई गेल्याची तार आली. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हते. ती तार त्या पोरालाच वाचून दाखवावी लागली. पुढे वडिलांनी आईचे नावही घरात काढू दिले नाही. मायेला पारखा झालेला हा माणूस म्हातारपणी कोणाचाही हात धरून मोकळेपणी रडतो. दुसऱ्याने भरवावे, पुसावे, कुशीवर वळवावे, याची लाज सोडून तो लेकरासारखा ती सेवा घेतो. मिचची बायको गायिका. एरवी कोणी म्हटले म्हणून गात नसे; गुरुजींनी म्हणताच गायली, आणि त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. शेवटी शेवटी मिच त्यांचे पाय चोळतो. ते पाय चोळणे मला साऱ्या उपदेशाहून मोठे वाटले.

आता दोष सांगतो. दर मंगळवारी एक विषय, त्यावर गुरूचे सुटसुटीत वचन, आणि शिष्य ते यंत्रावर टिपून घेतो. सगळे फार नेटके आहे. शिष्य शंका काढतो, पण झगडत नाही. मिचचा सख्खा भाऊ दूर स्पेनमध्ये कर्करोगाशी एकटा झुंजत होता. घरच्यांना जवळ येऊ देत नव्हता. प्रेमाच्या शिकवणीची खरी कसोटी तिथे होती. लेखक शेवटी त्या भावापर्यंत पोहोचतो, पण ते थोडक्यात आटोपते. निरूपण भरपूर झाले, आचरण मात्र कडेला राहिले.

कोणी विचारील, हे रडणे म्हणजे मोहच ना? मॉरी सांगतात, भाव आला की तो पुरता आत येऊ द्यावा, ओळखावा, मग त्यातून बाजूला व्हावे. आधीच दार लावून घेणे म्हणजे वैराग्य नव्हे. आपल्याला हे नवे नाही. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत माउलींनी समाधी घेतली. नामदेवरायांनी तो सोहळा वर्णिला आहे. तिथे जाणारा शिष्य आणि मागे राहणारे गुरू. निवृत्तिनाथांएवढा ज्ञानी कोण? पण त्यांचा बांध फुटला, आणि नामदेवरायांनी ते झाकले नाही. अश्रू हा अष्टसात्त्विक भावांपैकी एक आहे.

सज्जनहो, हा प्रसंग मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगितला. टाळकऱ्यांचे डोळे भरत, बायाबापड्या हुंदके देत. माझे गुरुबुवा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मी जाई, पायावर डोके ठेवी, औषधाची चौकशी करी आणि उठे. एकदा त्यांनी माझा हात धरला. काही बोलले नाहीत, नुसता धरून ठेवला. मला शेजारच्या गावी कीर्तन होते, बाहेर गाडी उभी होती. मी हात सोडवून घेतला. त्या रात्री मी निवृत्तिनाथांचाच शोक गायलो आणि लोकांनी वाहवा केली. पुन्हा गेलो तो अंत्यदर्शनालाच.

मिच सोळा वर्षे चुकला, पण चौदा मंगळवार बसला. म्हणून दोष असूनही हे पुस्तक मला मोठे वाटते. ते वाचून संपले त्या दिवशी मी नातीसमोर रडलो. तिने विचारले, 'आजोबा, काय झाले?' पहिल्यांदाच मी तिला गुरुबुवांच्या त्या हाताची गोष्ट सांगितली.

आपल्या घरी, आपल्या फडात कोणी अंथरुणाला असेल, तर आजच जाऊन बसा. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल. त्यांनी हात धरला, तर गाडी थांबू द्या.

॥ राम कृष्ण हरि ॥