अठरा पौंड सहा औंस

जेरोम के. जेरोम यांच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) या पुस्तकाच्या सतराव्या प्रकरणात मासा एकच आहे आणि तो पकडणारे पाच. प्रसंग दोन-तीन पानांचा; पण हौशी मासेमारांच्या गप्पांची सगळी कला त्यात सापडते.

त्या कलेचं शास्त्र जेरोम आधीच सांगून ठेवतात. नुसत्या बाता मारता आल्या म्हणजे मासेमार होता येत नाही. बारीकसारीक तपशील हवेत, चेहऱ्यावर सचोटी हवी. त्यांच्या ओळखीचा एक सरळमार्गी तरुण फ्लाय फिशिंगला लागतो, म्हणजे पिसं-दोरा बांधून केलेली कीटकासारखी माशी गळाला लावून मासे धरायला. पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त फुगवायचं नाही, असा त्याचा नेम. पण सापडतात जेमतेम तीन. तिनाचे पंचवीस टक्के काढायचे कसे? हळूहळू तो अशा हिशेबावर येतो की एक मासा म्हणजे दहा, आणि सुरुवातीला दहा धरूनच चालायचं. गंमत आकड्यात नाही, खोट्यालाही नियम लावण्याच्या त्याच्या प्रामाणिक धडपडीत आहे.

मग त्या एका माशाचा पब येतो. निवेदक, त्याचा मित्र जॉर्ज आणि मॉन्टमोरन्सी हा कुत्रा वॉलिंगफर्डहून फिरून परतताना नदीकाठी टेकतात. शेकोटीच्या वर, धुळकट काचपेटीत, एक अवाढव्य ट्राउट मासा. तिथले म्हातारबाबा वजन सांगतात, अठरा पौंड सहा औंस. येत्या महिन्याच्या तीन तारखेला सोळा वर्षं होतील. पुलाच्या खालच्या अंगाला धरला. अठरा पौंडांवर शंका घेता येते. पण वरच्या सहा औंसांपुढे बोलणं खुंटतं. एवढं काटेकोर कोण कशाला रचेल?

म्हातारबाबा जातात आणि मालवाहू गाडीवाला येतो. त्याचा मासा सव्वीस पौंडांचा, शुक्रवारी दुपारी धरलेला. तो निघाला होता पाईक जातीचा मासा धरायला आणि ट्राउट लागला तोही माशीला! स्वतःच्या थापेचं त्यालाच आश्चर्य वाटतं, आणि हे आश्चर्यच त्याचा पुरावा. तिसऱ्याला जेरोम एका वाक्यात उरकतात, कारण लय आता वाचकाच्या कानात बसलेली आहे. चौथा गंभीर गृहस्थ काही बोलतच नाही. तेव्हा जॉर्जच अदबीनं विचारतो, की हा मासा आपण कसा धरलात? आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण आतून वाटलं! गृहस्थ चकित होतो आणि कबूल करतो. वजन चौतीस पौंड. ऐकणाऱ्याला खेळ कळलेला आहे, तरी तो बोलणाऱ्याला उघडं पाडत नाही. उलट त्याच्यासाठी स्वतःच गळ टाकतो. अशी मैफल श्रोत्याच्या सौजन्यावरच चालते.

शेवटी पबचा मालक या सगळ्यांना पोटभर हसतो आणि खरी हकिकत सांगतो: शाळा बुडवून, झाडाच्या फांदीला दोरी बांधून, लहानपणी हा मासा त्यानंच धरला. यात कौशल्य कसलं, नशीब! पाचांतली सर्वांत पक्की थाप ही. विनयाचं आमिष लावलेली.

मग जॉर्ज नीट बघायला खुर्चीवर चढतो, तोल जातो, आधाराला पेटी धरतो आणि सगळंच खाली येतं. माशाचे हजार तुकडे झाले, असं निवेदक लिहितो आणि लगेच सावरतो, की नऊशेही असतील, मोजले नाहीत. मासा प्लास्टर ऑफ पॅरिसचा होता, हा स्फोट त्यानंतरचा. पण माझ्या मते प्रकरणातला सर्वांत बारीक विनोद त्या नऊशेत आहे. थापाड्यांची साक्ष नोंदवणारा लेखक तुकडे सांगताना त्यांचीच रीत उचलतो. औंस वाढवून जे म्हातारबाबांनी साधलं, ते तो शंभर कमी करून साधतो.

पुस्तकाच्या प्रास्ताविकात जेरोम ग्वाही देतात, की यातलं सगळं खरोखर घडलेलं आहे, रंग तेवढा चढवला आहे. जॉर्ज आणि नावेतला तिसरा सोबती हॅरिस त्यांच्या खऱ्या मित्रांवरून घेतलेले, हे खरं. मॉन्टमोरन्सी मात्र निव्वळ कल्पनेतला. आणि वाचताना ज्याच्या अस्तित्वाविषयी तिळमात्र शंका येत नाही, तो नेमका हा कुत्राच.