पर्यंत

खोक्यावरच्या वाङ्मयाची आपल्याकडे अजून कुणी समीक्षा केलेली नाही. कविता झाली, कादंबरी झाली, लग्नपत्रिकेतले ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ हे चिमुकल्यांचे आवाहनसुद्धा विनोदी लेखकांनी पिळून पिळून वाळत घातले. पण ज्या मजकुरावर विश्वास ठेवून मध्यमवर्गीय माणूस एका दमात अठरा-वीस हजार रुपये मोजतो, त्याला समीक्षक नाही. कादंबरी फसली तर फार तर तीन-चारशे रुपये जातात, आणि ती वाचनालयातली असली तर तेही नाहीत.

म्हणून हे काम मी अंगावर घेतो आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेत कारकून. बारीक टाइपातले वाचणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा अधिकाराचा प्रश्न कुणी काढू नये.

प्रस्तुत कृती म्हणजे सत्तावीस इंची गेमिंग मॉनिटर. प्रकाशकाचे नाव सांगत नाही, कारण या घराण्यातले सगळेच गवई एकाच पट्टीत गातात. कृती दोन खंडांत आहे. पहिला खंड म्हणजे खोके, दुसरा म्हणजे आतली माहितीपुस्तिका. दोन्ही खंडांचे लेखक एकमेकांना कधी भेटले नसावेत, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या खंडात आशय कमी आणि आवेश फार. डोळ्यांतून जाळ सोडणारा एक ड्रॅगन, आणि त्याच्या पंज्याखाली तळहाताएवढा आकडा : १८०. त्याच्या शेजारी हर्ट्झ. हाइनरिश हर्ट्झ हा सज्जन जर्मन शास्त्रज्ञ छत्तिसाव्या वर्षी, १८९४ साली वारला. आपले नाव पुढे ड्रॅगनच्या पायाशी येणार आहे हे त्याला कळले नाही ते बरेच झाले. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा. पडद्यावरचे चित्र सेकंदाला एकशे ऐंशी वेळा बदलेल, असा त्या आकड्याचा अर्थ. आता चष्मा लावा. आकड्याच्या डोक्यावर, मुंगीने चालता चालता सोडलेल्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘अप टू’ असे लिहिले आहे. म्हणजे आपल्या मराठीत ‘पर्यंत’. आणि आकड्याच्या शेपटीला एक तारा. विधिमंडळात तारांकित प्रश्नाला मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावे लागते. खोक्यावरच्या तारांकिताला उत्तर द्यायला कुणीच उभे राहत नाही.

आमच्या घरात ही कृती चिरंजीवांच्या आग्रहाने आली. ते अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. पैसे मुदत संपलेल्या एका ठेवीतून दिले, आणि त्या ठेवीतून गॅसची शेगडी यायची होती ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतींनी अजून फाइल बंद केलेली नाही. तेव्हा १८० म्हणजे १८०च हवेत, यात आमच्या घरात पक्षभेद नव्हता.

जोडणी झाली, पडदा उजळला, आणि संगणकाने आकडा दाखवला ६०. इथपर्यंत नवल नाही. विंडोज पुष्कळदा भिडस्त सुनेसारखे साठावरच बसते. सांगितल्याशिवाय उठत नाही. सांगायचे म्हणजे सेटिंग्ज, तिथून सिस्टिम, तिथून डिस्प्ले, तिथून अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. चार टेबले फिरल्यावर शेवटच्या टेबलावर यादी मिळते. यादीत ६०च्या शेजारी ५९.९४ असाही एक आकडा होता. तो पाहून माझ्यातला कारकून खडबडून जागा झाला. शून्य पूर्णांक सहा शतांश गेले कुठे? आमच्याकडे एवढी तूट आली तर रात्री नऊपर्यंत कुणी घरी जात नाही. पण ती तूट जुनी आहे. १९५३ साली अमेरिकेने काळ्या-पांढऱ्या दूरदर्शनच्या लहरींत रंग कोंबले. ते नीट मावावेत म्हणून चित्राचा वेग हजारात एक भागाने कमी केला. तो फरक सत्तर वर्षे नुसता पुढे ओढला जातो आहे. अशी खाती मी पाहिली आहेत.

यादी ६०, १००, १२० अशी चढत गेली आणि १४४ला संपली. पुढे जिना नाही.

“बाबा, पॅनेलच खोटं दिलंय,” चिरंजीव म्हणाले. मॉनिटर परत करण्यासाठी त्यांनी खोके शोधायला घेतले. त्या वेळी वरच्या मजल्यावरचे नाना आले. नानांनी भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे टूलरूममध्ये काढली. त्यांचा कशावरच विश्वास नाही. आधी माप, मग मत.

“साहेब, टाकी तपासण्याआधी पाइप तपासा,” नाना म्हणाले. “वायर कुठली लावली?”

“खोक्यात आली ती. एचडीएमआय.”

“मग पाइपचा व्यास काढा.”

हिशेब म्हटल्यावर मी पुढे झालो. पडद्यावर आडवे २५६० आणि उभे १४४० ठिपके. गुणाकार ३६ लाख ८६ हजार ४००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. ते सेकंदाला १८० वेळा पाठवायचे म्हणजे १,५९२ कोटी बिट दर सेकंदाला, वरखर्च वेगळा. आता पाइप. या मॉनिटरचे एचडीएमआय २.० जातीचे. त्याची क्षमता सेकंदाला १,८०० कोटी, असे सगळीकडे छापलेले असते. पण तो ढोबळ पगार झाला. दर आठ बिट सुखरूप पोचावेत म्हणून ते दहा करून पाठवतात, म्हणजे कपात जाऊन हातात पडतात १,४४० कोटी. खात्यात चौदाशे चाळीस आणि धनादेश पंधराशे ब्याण्णवचा. आमच्या काउंटरवर असा धनादेश आला तर मीही परत पाठवला असता. १४४ला मात्र १,२७४ कोटी लागतात, तो वटतो. यंत्र खोटे नव्हते. ते शिल्लक पाहून व्यवहार करत होते.

डिस्प्लेपोर्ट नावाचे दुसरे भोक मॉनिटरच्या पाठीला होतेच. ते १.४ जातीचे, त्यातून कपात जाऊन २,५९२ कोटी जातात. त्याची वायर चिरंजीवांनी चौकातल्या दुकानातून आणली, मॉनिटरकडून थेट ग्राफिक्स कार्डाला लावली (मदरबोर्डच्या भोकात लावली की आणखी निराळे रामायण होते, असे ते म्हणाले), आणि यादीत शेवटी १८० उगवले. नाना चहा न घेता गेले.

आता दुसऱ्या खंडाकडे वळू, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. पुस्तिका पंधरा-वीस भाषांत आहे, त्यांत आपली एकही नाही, तेही सोडून देऊ. पहिली पाने मॉनिटर पाण्यात बुडवू नये, उशीने झाकू नये, पडद्यावर उभे राहू नये या उपदेशाला वाहिलेली आहेत. आणि अगदी शेवटी, विल्हेवाटीच्या नियमांच्या जरा आधी, चार ओळींचा एक तक्ता आहे : एचडीएमआयने १४४, डिस्प्लेपोर्टने १८०. स्वच्छ, निःसंदिग्ध, एकही विशेषण नाही. साऱ्या कृतीत वाङ्मयीन गुणवत्ता असलेला मजकूर एवढाच. ज्याने तो लिहिला तो प्रामाणिक माणूस असणार, आणि त्याची बढती झाली नसणार.

म्हणजे प्रकाशकाला ठाऊक होते. ठाऊक असून १४४वाली वायर खोक्यात घातली आणि १८० खोक्यावर छापले. याला मी अज्ञान म्हणत नाही, शैली म्हणतो. मी जर काउंटरवर ‘ठेवीवर साडेसात टक्क्यांपर्यंत’ एवढेच बोलून थांबलो, तर प्राधिकरणातला कुठलाही पेन्शनर काठी टेकून विचारील, “पर्यंत म्हणजे? माझ्या ठेवीला किती?” म्हणून आमच्या फलकावर ४६ दिवसांना किती आणि वर्षाला किती हे ओळीने लिहिलेले असते. निगडीकरांना हा शब्द चांगला कळतो. मेट्रो २०२२च्या मार्चमध्ये पिंपरीपर्यंत आली. निगडीपर्यंतच्या तुकड्याला केंद्राची मंजुरी २०२३च्या ऑक्टोबरात मिळाली. ‘पर्यंत’ कुठे टेकते यावर माणसाने घर घेतलेले असते.

तरी आमचे खोके बरे म्हणायचे. २०२१च्या अखेरीस उघड झाले की एचडीएमआयचे परवाने देणाऱ्या संस्थेच्या लेखी २.० ही जात वेगळी उरलेलीच नाही, ती २.१मध्ये विलीन. आणि २.१चे नवे गुण ऐच्छिक. म्हणजे जुन्याच क्षमतेच्या भोकावर २.१ची पाटी कायदेशीरपणे लावता येते. बँकांचे विलीनीकरण मी जवळून पाहिले आहे. पाटी बदलते, पंखा तोच राहतो. पण निदान आम्ही पंखा नवा आहे असे सांगत नाही.

आता समीक्षकाने न्याय करायचा तर एक गोष्ट प्रकाशकाच्या बाजूनेही सांगितली पाहिजे, आणि ती चिरंजीवांना आवडलेली नाही. ६० हर्ट्झला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ला ६.९, १८०ला ५.६. पहिल्या उडीत जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचले, दुसरीत सव्वा ते दीड. बी.कॉम.ला मार्शलच्या नावाने घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकवतात. पाचव्या गुलाबजामाची गोडी पहिल्याइतकी नसते, तो हाच. शिवाय संगणकाने तितकी चित्रे तयार करायला हवीत; चिरंजीवांच्या एका खेळात तो नव्वदच्या पुढे जात नाही. आमच्या शेजारच्या देहूचे तुकोबा प्रभातच्या १९३६च्या बोलपटात सेकंदाला २४ चित्रांवर वैकुंठाला गेले, आणि तो बोलपट १९३७ साली व्हेनिसपर्यंत पोचला. तिथला ‘पर्यंत’ खरा होता.

“मग १८०साठी एवढा आटापिटा कशाला केला?” सौभाग्यवतींनी विचारले. कारण पैसे १८०चे घेतले होते. उपयोग होवो न होवो, पासबुकात शिल्लक दिसली पाहिजे. हा मुद्दा त्यांना पटला नाही; शेगडीचा मुद्दा पुन्हा पटलावर आला.

दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकाशकांना माझी एवढीच सूचना आहे. पुस्तिकेतला तो चार ओळींचा तक्ता उचलून खोक्याच्या पुढच्या बाजूला, त्याच टाइपात छापावा, किंवा मग डिस्प्लेपोर्टची वायर आत घालावी. जागा कमी पडली तर ड्रॅगन जरा बारीक करता येईल.