दैववाचक अक्षरे : चिनी, जपानी व कोरियन सुलेखनातील तीन शब्दांचा विचार

भाषेतील दैववाचक शब्दांवरून ती भाषा बोलणाऱ्या समाजाचा स्वभाव ठरविण्याची खोड जुनी आहे. 'कर्म' या एका शब्दाच्या आधारावर भारतीय मनावर निष्क्रियतेचा शिक्का मारणारे लेखन आपल्या चांगल्या परिचयाचे आहे, आणि त्याचा प्रतिवाद करण्यात आपल्याकडील अभ्यासकांनी पुष्कळ शक्ती वेचली आहे. आश्चर्य असे की, तीच पद्धत आपण स्वतः पूर्व आशियातील भाषांना लावू लागलो म्हणजे तिच्यातील दोष आपल्याला दिसेनासा होतो. त्यातून चिनी अक्षर म्हणजे चित्र, अशी समजूत. अर्नेस्ट फेनोलोसा यांचा चिनी अक्षरांविषयीचा निबंध एझ्रा पाउंड यांनी १९१९ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून इंग्रजी काव्यसमीक्षेत ही समजूत दृढ झाली. दैववाचक अक्षरात गुडघे टेकलेला माणूस दिसला, की हा समाज दैवाला शरण गेलेला आहे, असा निष्कर्ष काढायला मग वेळ लागत नाही. सुलेखनाचे नमुने पाहताना तर हा मोह अधिकच बळावतो, कारण तेथे अक्षर मुळातच पाहण्यासाठी लिहिलेले असते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य याच्या उलट आहे. दैवाची कल्पना अक्षराच्या आकृतीत नसून त्याच्या वापरात आहे. आणि सुलेखनाचे मोल आकृतीत दडलेल्या कथित चित्रात नसून, ते अक्षर कोणी, कोणत्या वाक्यात आणि कोणत्या प्रसंगी लिहिले यात आहे.

विचारासाठी तीन शब्द घेऊ : मिङ्, युन् आणि युआन्. जपानीत त्यांचे उच्चार अनुक्रमे मेइ, उन व एन असे होतात. कोरियनमध्ये म्यॉङ्, उन व यॉन् असे. कोशात तिन्हींपुढे 'दैव' हा अर्थ सापडतो. तथापि ते समानार्थक नव्हेत. मिङ् म्हणजे मुळात आज्ञा, युन् म्हणजे गती, आणि युआन् म्हणजे वस्त्राची किनार.

मिङ् या अक्षरात दोन घटक आहेत : 'लिङ्' म्हणजे हुकूम, आणि त्याच्या जोडीला मुख. (पाणिनीय परंपरेतील विधिलिङ्शी या नावाचे सादृश्य केवळ आकस्मिक आहे, हे सांगावयास नकोच.) लिङ्च्या प्राचीन रूपात, वर छपरासारखी किंवा उलट्या मुखासारखी एक आकृती आणि तिच्याखाली गुडघ्यांवर बसलेली व्यक्ती, असे रेखाटन आढळते. श्यू शेन यांनी इ. स. १०० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'श्वोवन् च्ये-त्झ' या कोशात मिङ् हे अक्षर मुखवर्गात घातले असून त्याचा अर्थ आज्ञापरच दिला आहे. आज्ञेपासून दैवापर्यंतचा हा अर्थप्रवास आपल्याला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातील 'विधि' हा शब्दही शास्त्राची आज्ञा आणि दैव असे दोन्ही अर्थ वाहतो. पण 'विधि' शब्दावरून आपण गुडघे टेकलेल्या भारतीयाची कल्पना करीत नाही. कारण त्या शब्दाला आकृती नाही. फरक तेवढाच.

आता प्रत्यक्ष लेखांकडे वळू. पश्चिमी चौ काळातील कांस्यपात्रांवरील लेख हे नंतरच्या सुलेखनकारांचे आदर्श होत; त्यांच्या ठशांवरून मुद्रालिपीचे धडे गिरविले जातात. इ. स. पू. १००० च्या सुमाराच्या 'दा यू डिङ्' या पात्रावर राजा वन् याला थिएन म्हणजे आकाशरूप देवसत्तेकडून महान आज्ञा मिळाल्याचा उल्लेख आहे. तेथे अक्षर आहे ते नुसते लिङ्. मुखाचा घटक नाही. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी घडविलेल्या, आणि आज तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात असलेल्या 'माओ गुङ् डिङ्' या पात्रावर सुमारे पाचशे अक्षरांचा लेख आहे. त्यात हीच महान आज्ञा मुखासहित मिङ् या रूपाने लिहिलेली आढळते. मधल्या काळात आकृती बदलली, कल्पना बदलली नाही. शिवाय त्याच लेखात राजाने आपल्या अधिकाऱ्याला दिलेल्या हुकुमासाठीही हाच शब्द योजला आहे. देवसत्तेची आज्ञा आणि राजाची आज्ञा यांसाठी निराळी भाषा त्या काळाला नको होती.

या आज्ञेचे स्वरूपही नीट पाहिले पाहिजे. चौ राजांनी शाङ् घराण्याचे राज्य घेतले, आणि त्याचे समर्थन असे केले की, पूर्वीच्या राजांचे आचरण बिघडल्यामुळे देवसत्तेने आपली आज्ञा त्यांच्याकडून काढून घेतली. जी मिळते, सांभाळावी लागते आणि गमावताही येते, तिला अटळ नियती म्हणता येणार नाही. ती जबाबदारी आहे. गुडघे टेकलेल्या आकृतीत यातले काहीही दिसत नाही.

'आज्ञा प्राप्त होणे' हा जुना वाक्प्रयोग पुढे एका अत्यंत करुण लेखात येतो. इ. स. ७५५ मध्ये आन् लुशान् याने थाङ् सम्राटाविरुद्ध बंड केले. त्यात येन् चन्-छिङ् या अधिकाऱ्याचा चुलत भाऊ आणि त्या भावाचा मुलगा हे दोघे मारले गेले. इ. स. ७५८ मध्ये येन् चन्-छिङ् याने या पुतण्याच्या श्राद्धविधीसाठी जो मजकूर लिहावयास घेतला, त्याचा कच्चा मसुदा आज उपलब्ध आहे आणि चिनी सुलेखनाच्या सर्वश्रेष्ठ कृतींत त्याची गणना होते. आरंभीच्या ओळी बऱ्याच संयत आहेत. मजकूर मृत्यूच्या प्रसंगापाशी येतो तशी खाडाखोड वाढते, कुंचल्यातील शाई संपत आली तरी हात थांबत नाही, रेघा कोरड्या व फाटक्या होतात. या मसुद्यात मिङ् हे अक्षर येते, पण कोठे? बंडाच्या वेळी आपण सम्राटाच्या आज्ञेने पिङ्युआन् येथे अधिकारावर होतो, हे सांगताना. म्हणजे साध्या प्रशासकीय अर्थाने. पुढे, ही आपत्ती आणणाऱ्या आकाशाला पश्चात्ताप कसा होत नाही, असा आक्रोश आहे. तेथे हे अक्षर नाही. दैवाविषयीचे सर्वांत तीव्र उद्गार दैववाचक शब्दावाचून निघाले आहेत. जो वाचक मिङ् अक्षराच्या आकृतीत नियती शोधीत बसेल, त्याला हा मसुदा भलत्याच ठिकाणी थांबवील.

युन् या अक्षराची गोष्ट निराळी आहे. बहुसंख्य चिनी अक्षरांप्रमाणे तेही अर्थदर्शक आणि ध्वनिदर्शक अशा दोन अंगांचे आहे. अर्थाचे अंग चालण्याचे; ध्वनीचे अंग 'सैन्य' या अर्थाच्या अक्षराचे, ज्याच्या पोटात रथ आहे. हलणे, वाहून नेणे, फिरणे हे त्याचे मूळ अर्थ, आणि त्यांवरून 'फिरते नशीब' हा अर्थ आला. मिङ् आणि युन् एकत्र येऊन जो सामासिक शब्द होतो त्याचा क्रम आजच्या चिनीत 'मिङ्-युन्' असा आहे, तर जपानीत 'उन्मेइ' व कोरियनमध्ये 'उन्म्यॉङ्' असा उलट आहे. यावरून चिनी माणूस आज्ञेला प्राधान्य देतो आणि जपानी व कोरियन माणूस गतीला, असा सिद्धान्त कोणी मांडील, तर तो तितकाच निराधार ठरेल. दोन्ही क्रम जुन्या चिनी लेखनात आढळतात.

परंतु सुलेखनकारासाठी हा क्रम खरोखर महत्त्वाचा असतो, आणि त्याचे कारण तत्त्वज्ञानात नसून कुंचल्यात आहे. मिङ्ची शेवटची रेघ उभी, सरळ खाली उतरणारी असते. ती निमुळती होत संपली तर तिला 'टांगलेली सुई' म्हणतात. युन्चे चालण्याचे अंग सर्वांत शेवटी लिहितात, आणि त्याची अखेरची रेघ उजवीकडे लांब पसरते. उभ्या ओळीत मिङ् वर आणि युन् खाली असले, म्हणजे वरून उतरणारी रेघ खालच्या पसरट पायावर विसावते. क्रम उलटला, की पाया मध्ये येतो आणि उभी रेघ तळाशी मोकळी लोंबते. एकच कल्पना, तीच दोन अक्षरे. पण तोल निराळा साधावा लागतो. समीक्षकाने पाहावयाचे ते हे.

युआन् या शब्दापाशी मात्र भारताचा प्रत्यक्ष संबंध येतो. धाग्याचे अंग असलेले हे अक्षर मूळचे वस्त्राच्या किनारीचे वाचक. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्यांनी 'प्रत्यय', म्हणजे साहाय्यक कारण, या पारिभाषिक संज्ञेसाठी त्याची योजना केली. कुमारजीवाने इ. स. ४०९ मध्ये नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकांचे भाषांतर केले. त्यातील पहिले प्रकरण जे 'प्रत्ययपरीक्षा', त्याच्या चिनी मथळ्यात 'यिन्-युआन्' हा जोडशब्द आहे. ज्या प्रकरणात नागार्जुन कारणांच्या स्वतंत्र सत्तेचेच खंडन करतो, त्याच्या मथळ्यातील हा शब्द पुढे लोकभाषेत उतरला आणि जपानीत 'इन्नेन', कोरियनमध्ये 'इन्यॉन्' या रूपांनी ऋणानुबंधाच्या अर्थाने रूढ झाला. विवाह जुळविणारा वृद्ध भावी वधूवरांचे पाय तांबड्या दोरीने बांधतो, अशी एक थाङ्कालीन कथा आहे. तिचा आधार घेऊन युआन्मधील धागा हाच तो दैवाचा धागा, असे सांगण्याचा मोह होतो. पण अक्षरातील धागा कापडाच्या किनारीचा आहे. ऋणानुबंधाचा अर्थ त्याला चिकटला तो भाषांतरामुळे.

जपानमध्ये मिङ् हे अक्षर एकटेच लिहिले, तर त्याचे देशी वाचन 'इनोची' असे होते, आणि इनोची म्हणजे जीव. २००६ साली 'वर्षाचे अक्षर' म्हणून हेच निवडले गेले व क्योतोच्या कियोमिझु मंदिरात तेथील प्रमुख भिक्षूंनी ते मोठ्या कुंचल्याने लिहिले. पाहणाऱ्यांना त्यात नियती दिसली नाही, जीविताचे मोल दिसले. पुढे २०१९ साली नव्या सम्राटाच्या कालगणनेचे नाव 'रेइवा' असे जाहीर झाले आणि त्याची सुलेखित पाटी सर्वांना दाखविण्यात आली. त्यातील पहिले अक्षर म्हणजे आपण वर पाहिलेले लिङ्. ते हुकुमाचे वाचक आहे, अशी शंका काहींनी घेतली. शासनाने 'सुंदर मेळ' असा अर्थ स्पष्ट केला. ज्या प्राचीन 'मान्योशू' संग्रहातून ते घेतले, तेथे त्याचा अर्थ 'शुभ' असाच आहे. 'शुकुमेइ' हा अटळ दैवाचा शब्दही असाच बोधप्रद आहे. चिनी बौद्ध ग्रंथांत हाच जोडशब्द 'पूर्वनिवास', म्हणजे पूर्वजन्म, या अर्थी येतो. तेथे मिङ् म्हणजे आयुष्य, आज्ञा नव्हे.

सर्वांत निर्णायक पुरावा कोरियाचा आहे. राजा सेजोङ् याने १४४३ मध्ये नवी वर्णलिपी सिद्ध केली व १४४६ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज कोरियन सुलेखनकार 'उन्म्यॉङ्' हा शब्द या लिपीत लिहितो तेव्हा त्यात ना मुख असते, ना रथ, ना गुडघे टेकलेला माणूस. अर्थ आकृतीत असता तर कोरियन वाचकाला तो गमवावा लागला असता. तसे घडलेले नाही. येथे एक गमतीचा योग आहे. या लिपीच्या १४४६ च्या विवरणग्रंथात, ज्याची प्रत १९४० मध्ये पुन्हा हाती आली, मकाराचे चौकोनी चिन्ह मुखाच्या आकारावरून घेतल्याचे सांगितले आहे. आणि 'म्यॉङ्' या अक्षरगटाचा आरंभ त्याच चिन्हाने होतो. म्हणजे चिनी अक्षरातील मुख कोरियन लिपीतही पुन्हा उपस्थित! हा योग निव्वळ आकस्मिक आहे, कारण ते मुख मकाराचे उच्चारस्थान दाखविते व असंख्य इतर शब्दांतही येते. परंतु आकृतीवरून अर्थ काढण्याची पद्धत खरा पुरावा आणि असा योगायोग यांत भेद करू शकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

येथे एक आक्षेप संभवतो. आकृतीला अर्थ नसेल, तर दैववाचक शब्दांच्या सुलेखनाला वेगळे महत्त्व ते काय उरले? याचे उत्तर वाङ् शीच् याच्या इ. स. ३५३ मधील 'लान्-थिङ्' प्रस्तावनेत सापडते. मूळ प्रत नष्ट झालेली असूनही, थाङ्कालीन प्रतिकृतींच्या आधारे ती आजवर अनुकरणीय मानली गेली आहे. वसंतातील मित्रमेळाव्याच्या आनंदापासून आरंभ करून ती आयुष्याच्या अनिश्चित मर्यादेपर्यंत आणि मृत्यूच्या दुःखापर्यंत जाते. या संबंध लेखात मिङ्, युन् वा युआन् यांपैकी एकही अक्षर नाही. तरीही मानवी दैवाविषयीचा लेख म्हणून तो सोळाशेहून अधिक वर्षे वाचला जात आहे. याचे कारण लेखनक्रियेच्या स्वरूपात आहे. कागदावर एकदा उतरलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही, असा या कलेचा दंडक आहे. झालेली चूक राहते, संपत आलेली शाई दिसते, घाई लपत नाही. लिहिणाऱ्याने त्या घटकेला काय सोसले, याची नोंद अक्षराच्या चित्रात नसून या रेघांत राहते.

आपण 'विधिलिखित' म्हणतो तेव्हा लिहिणारा विधाता असतो आणि माणूस हा केवळ लेखाचा विषय. येन् चन्-छिङ्च्या मसुद्यात लिहिणारा माणूस आहे. त्याने दैवाची व्याख्या केली नाही. पुतण्यासाठी चार ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते : असे अक्षर समोर आले की त्यात कोणते चित्र दडले आहे, हे प्रथम विचारू नये. ते कोणत्या वाक्यातले आहे, त्या वाक्यात त्याचे कार्य काय, आणि लिहिताना हात कोठे स्थिर होता व कोठे कापला, हे विचारावे. परक्या समाजाच्या दैवकल्पनेविषयी न्याय्य विधान करण्याचा याहून जवळचा मार्ग नाही. 'कर्म' शब्दाच्या बाबतीत दुसऱ्यांनी आपल्यावर जो अन्याय केला, तो आपल्या हातून होऊ नये, एवढी खबरदारी तरी आपण घेतलीच पाहिजे.