दर सप्टेंबरला नवी जर्सी

दर सप्टेंबरला आमच्या हॉस्टेलच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न पडतो : "यंदाचा घ्यायचा का?" सगळे कमावते झालेत, कुणी पुण्यात, कुणी बेंगळुरूत, पण प्रश्न तोच. आणि कुणीतरी ठरलेलं उत्तर टाकतो : "तोच गेम आहे रे, फक्त जर्सी बदललीय."

हा जोक मीही अनेकदा मारलाय. पण तो अर्धाच खरा आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. बारा महिन्यांत रिलीज द्यायचा असेल, तर कुणी पाया उकरत नाही. वर एखादी खोली बांधतात, रंग देतात, गळती थांबवतात. १९९३ पासून जवळपास दरवर्षी आलेल्या 'फिफा' मालिकेत (२०२३ पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी') हेच दिसतं. पाया हलला तो मोजक्या वेळा. 'फिफा १७' मध्ये अख्खं इंजिन बदलून फ्रॉस्टबाइट आलं. त्याआधी 'फिफा १२' ने डिफेन्सची पद्धत बदलली. पूर्वी एक बटण दाबून धरलं की डिफेंडर आपोआप समोरच्याला जाऊन चिकटायचा. नव्या पद्धतीत अंतर राखून उभं राहायचं, वाट बघायची आणि नेमक्या क्षणी पाय घालायचा.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेतल्या तालमींच्या टीम असतात आणि मॅचच्या दिवशी शाहू स्टेडियम दणाणतं. पण गॅलरीत बसून मी फक्त बॉल बघायचो. चांगला डिफेंडर बराच वेळ 'काहीच करत नाही' आणि तेच त्याचं काम असतं, हे मला या गेमने शिकवलं. वीस गोल खाल्ल्यावर का होईना, शिकवलं. ही या गेमची पहिली ताकद.

दुसरी ताकद म्हणजे पसारा. 'एफसी २४' मध्ये १९,००० हून जास्त खेळाडू आणि ७०० हून जास्त टीम होत्या. 'फिफा २२' मध्ये आपली इंडियन सुपर लीग आली, म्हणजे मुंबई सिटी आणि एफसी गोवा थेट प्रीमियर लीगच्या टीमशी भिडवता यायला लागल्या. त्याच गेमच्या करिअर मोडमध्ये स्वतःचा क्लब बनवायची सोय आली. मी आमची तालीम बनवली, तिला इंग्लंडच्या लीग टूमध्ये घातलं आणि पाचव्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये नेलं. हसू नका. त्या रात्री मी खरंच घरी फोन केला होता.

मग तक्रार कसली? तक्रार ही की करिअर मोडच्या वाट्याला वर्षानुवर्षं उरलंसुरलं आलं. आणि याचं कारण आळस नाही, हिशेब आहे. करिअर मोडवाला एकदा पैसे देतो. अल्टिमेट टीमवाला पॅक उघडत राहतो. मार्च २०२१ ला संपलेल्या आर्थिक वर्षात ईएने आपल्या सगळ्या खेळांच्या अल्टिमेट टीममधून मिळून सुमारे १.६२ अब्ज डॉलर मिळवले आणि त्यातला मोठा वाटा फिफाचा होता. कुठलाही प्रॉडक्ट मॅनेजर हा आकडा बघून आपले इंजिनियर कुठे बसवेल? मीही तिथेच बसवले असते, हेच टोचतं.

पॅकमध्ये काय निघेल हे नशिबावर असतं. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या पॅकना जुगार ठरवलं आणि पुढच्या जानेवारीत ईएला तिथे पैशांवर मिळणारे पॉइंट्स विकणं थांबवावं लागलं. पण जुगारापेक्षाही मोठी गोष्ट मला पुढची वाटते. नवा गेम आला की जमवलेली कार्डं तिकडे नेता येत नाहीत. पुन्हा शून्यापासून. इथे 'वार्षिक' या शब्दाचा खरा अर्थ कळतो. दरवर्षी नवं काही द्यायचं असतं म्हणून गेम येत नाही, तर जुनं पुसायचं असतं म्हणूनही येतो. निन्टेन्डो स्विचवर तर 'फिफा २०' पासून 'फिफा २३' पर्यंत सलग चार वर्षं 'लेगसी एडिशन' विकली गेली. तिथे आमचा जर्सीचा जोक शब्दशः खरा होता.

मग वार्षिक चक्रच बंद करावं का? कोनामीने करून पाहिलं. 'पीईएस' थांबवून सप्टेंबर २०२१ मध्ये फुकटातला 'ईफुटबॉल २०२२' आणला. मूठभर टीम, मास्टर लीग गायब आणि मेस्सी-रोनाल्डोचे असे चेहरे की इंटरनेटभर मीम फिरले. म्हणजे दोष कॅलेंडरचा नाही. गेम कुणासाठी बांधला जातो, याचा आहे.

म्हणून मला 'एफसी २६' महत्त्वाचा वाटतो. त्यात खेळण्याच्या दोन पद्धती वेगळ्या केल्या : ऑनलाइनवाल्यांसाठी वेगवान 'कॉम्पिटिटिव्ह' आणि करिअरवाल्यांसाठी संथ, खऱ्या फुटबॉलजवळ जाणारी 'ऑथेंटिक'. ही एक प्रकारची कबुलीच आहे. इतकी वर्षं एकाच्या घाईत दुसऱ्याचा खेळ बिघडत होता.

पण कबुली म्हणजे भरपाई नव्हे. 'एफसी २४' यायच्या सुमारास जुने फिफा डिजिटल स्टोअरमधून काढून टाकले गेले. ज्या 'फिफा २२' मध्ये आमची तालीम खेळते, तो आज तुम्हाला तिथे विकत मिळणार नाही. माझ्याकडे आहे आणि करिअर मोडचा सेव्ह माझ्या हार्ड डिस्कवर आहे, एवढंच.

यंदा ग्रुपवर मी लिहिलं : तीन वर्षांतून एकदा घ्या, सेलमध्ये घ्या, पॅकवर एक रुपया घालू नका. एकाने विचारलं, मग मधली दोन वर्षं काय खेळायचं?

मी म्हटलं, माझ्या तालमीचा सहावा सीझन अजून बाकी आहे. दुसरा कंट्रोलर घेऊन ये.